बंद पडद्यावरचा निकाल

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव घेतलं की आमच्यावेळची पोरं लगेच म्हणतात, "अगं, किती चांगले होते गं सर!" आणि माझं डोकं फिरतं. होते काय, अजून आहेत. करोल बागेत त्याच तिसऱ्या मजल्यावर धडधाकट आहेत, आणि आत्ता या क्षणीही कुणाच्या तरी लेकराला रडवत असतील. मी गुरुग्रामला नोकरी करते. मेट्रोनं गेलं तर तासाभराचा रस्ता. कित्येक वर्षांत तिकडे फिरकले नाही, कारण माझा राग गेलेला नाही.

सर दिल्लीत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मराठी साहित्य शिकवायचे. खाली मोटारींच्या सीट-कव्हरांचं दुकान, वर एक लांबट खोली, त्यात वीस खुर्च्या. त्यांची स्वतःची खुर्ची नव्हती. "बसून शिकवणारा मास्तर स्वतः झोपतो आणि वर्गालाही झोपवतो," असं म्हणून चार-चार तास उभे राहायचे. चहाही उभ्यानं. खाली रेक्झिन कापायचं मशीन सुरू झालं की सर खिडकीतून ओरडायचे, "भैया, दस मिनट थांबो ना!" आणि खालचे सरदारजी खरंच थांबायचे. सरांचं हिंदी इतक्या वर्षांत इंचभर सुधारलं नव्हतं, आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. नाव, गाव आणि कितव्यांदा नापास.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "सर, एकदा प्रीलिम झाली नाही."

"झाली नाही म्हणजे? ती काय पेरणी आहे, व्हायची राहायला? नापास झाले म्हण."

"नापास झाले."

"हं. बस."

माझ्या शेजारचा पोरगा नवाकोरा होता. तो ऐटीत म्हणाला, "सर, अजून एकदाही नाही." सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "होशील. बस." तो बिचारा आठवडाभर जेवला नाही.

वर्गात फोनला बंदी आणि झेरॉक्सच्या गठ्ठ्यांनाही बंदी. फोन दारातल्या टोपलीत टाकायचा. मग वाचायचं कशावर? तर ई-रीडरवर. नवा घ्यायचा नाही, जवळच्या मोबाईल बाजारातून जुना घ्यायचा, आणि खरेदीला सर स्वतः बरोबर येणार. माझ्यासाठी ते एका दुकानदाराशी पाऊण तास भांडले होते. "ये देखो, स्क्रीन को आडवा ओरखडा है! लडकी रात-दिन इसपे पढेगी, उसके आँख का क्या?" दुकानदारानं शेवटी हात जोडून दुसरा काढून दिला. माझ्यासाठी परक्या गावात कुणीतरी असं भांडतंय, हे बघून मला रडू आलं होतं. हे मी लिहिते आहे, कारण खोटं लिहायचं नाही. पण म्हणून बाकीचं माफ होत नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ते बंद केलं तरी त्याच्या पडद्यावर एक चित्र राहतं. कंपनी आपली कसली तरी चित्रं घालते, पेन्सिली, पेनांच्या निबा असली. सरांना ते खपायचं नाही. "वस्तू तुमची, आणि तिच्या तोंडावर चित्र त्यांचं?" कुठून तरी शिकून त्यांनी या यंत्रांचं आतलं कुलूप मोडायची विद्या मिळवली होती. रीडर लॅपटॉपला जोडायचे, खुडबुड करायचे आणि मग हवं ते चित्र बंद पडद्यावर बसवता यायचं. चित्र काळं-पांढरं हवं आणि पडद्याच्या नेमक्या मापाचं हवं. केसभर इकडेतिकडे झालं की सर पुसून पुन्हा करायचे. एकदा त्यांनी बसवलं की ते त्यांच्या लॅपटॉपशिवाय बदलता यायचं नाही.

आम्ही सगळे आधी खूश झालो. कुणी आईचा फोटो आणला, कुणी लाल दिव्याच्या गाडीचा. मी घरच्या दारावर लावतात तशी पाटी तयार करून नेली होती, माझं नाव आणि पुढे भा. प्र. से.

सर म्हणाले, "हे काय?"

"मोटिव्हेशन, सर."

"हे खोटं आहे."

आणि त्यांनी तिथे काय लावलं? निकाल! प्रीलिमचा निकाल लागला की नुसत्या आकड्यांची यादी येते. पास झालेल्यांचे नंबर ओळीनं. नापास झालेल्याचा नंबर त्यात नसतो, बस्स, एवढंच कळतं. सर प्रत्येकाच्या यादीतलं नेमकं ते पान शोधून काढायचे जिथे त्याचा नंबर यायला हवा होता, आणि ते पान त्याच्या बंद पडद्यावर बसवायचे. त्यावर खूण नाही, रेघ नाही. तुमच्या आधीचा नंबर आणि तुमच्या नंतरचा नंबर अगदी चिकटून शेजारी उभे. तुमची जागा रिकामीसुद्धा नाही. पुस्तक मिटलं की दरवेळी ते पान समोर.

त्यांच्या स्वतःच्या रीडरवरही तेच होतं. त्यांच्या शेवटच्या प्रयत्नाच्या वेळी वर्तमानपत्रात आलेल्या यादीचं कात्रण. घडीच्या जागी दोन आकडे पुसट झाले होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हा मी. इथे नाही तो."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला पानिपतला कळलं. संक्रांतीच्या सुमारास ते सगळ्या वर्गाला बसनं काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकापाशी न्यायचे. तेव्हा महाराष्ट्रातूनही माणसं येतात. फेटे, झेंडे, घोषणा, सेल्फी. एका फेटेवाल्यानं सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "काका, म्हणा की जय!"

सर म्हणाले, "कशाचा जय? इथे आपण हरलो. आधी तेवढं नीट म्हणा, मग काय ओरडायचं ते ओरडा."

तो माणूस अंगावर आला. आम्ही चौघांनी सरांना ओढून बसमध्ये घातलं. परतीच्या वाटेवर ते खिडकीकडे तोंड करून तणतणत होते, "मराठी माणसाला हरलो म्हणताच येत नाही. हरला की लगेच पोवाडा करतो." मी टाळ्या वाजवल्या होत्या. असा खरा बोलणारा माणूस आपण पाहिला नाही, असं मला वाटलं होतं. कसलं काय!

त्याच वर्षी मी दुसऱ्यांदा नापास झाले. सकाळी निकाल आला आणि दुपारी सरांनी माझा रीडर मागून घेतला. जुनं पान काढलं, नवं बसवलं. मी तो पिशवीत टाकला आणि गाडीत बसून थेट मराठवाड्यात आमच्या तालुक्याच्या गावी गेले. घरी फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

माझे पप्पा शिंपीकाम करतात. चौकात दुकान आहे, गावातल्या तिन्ही शाळांचे गणवेश तेच शिवतात. मी आंघोळ करून बाहेर आले तर पप्पा चष्मा लावून माझा रीडर हातात धरून बसलेले.

"हा निकाल का गं?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"मग? तुझा नंबर कुठला यातला?"

आता तुम्हीच सांगा, त्या माणसाचं काय चुकलं? नापासाचा निकाल कुणी असा देवाच्या तसबिरीसारखा समोर लावून ठेवतं का? जगातल्या कुठल्याही बापाला हेच वाटलं असतं. त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की मला नाही म्हणवेना. आई आतून साखरेचा डबा घेऊन आली होती. आणि माझं बोट उठलं आणि एका नंबरावर टेकलं. कुणाचा होता कुणास ठाऊक. पप्पांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला आणि पाठ केला.

मी चुकले. हे मला कुणी शिकवायला नको. पण ते पान तिथे लावलं कुणी? पडद्यावर कंपनीच्या पेन्सिली असत्या तर मी त्या दिवशी जेवताना सांगून मोकळी झाले असते. रडारड झाली असती, आईनं दोन घास जास्त वाढले असते आणि संपलं असतं.

मी दिल्लीला परतले आणि आठ दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. चौकात फ्लेक्स! दहा फूट. मावसबहिणीच्या लग्नातल्या साडीतला माझा फोटो, वर 'भावी जिल्हाधिकारी', खाली 'शुभेच्छुक : चौकातील समस्त व्यापारी बंधू', आणि कोपऱ्यात हात जोडलेले पप्पा. मी फोन उशीखाली ठेवला आणि त्यावर डोकं ठेवून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी.

पुढच्या पंधरवड्यात पप्पा दिल्लीत हजर. सरांना भेटायचं म्हणून. मी सांगून पाहिलं, सर गावाला गेलेत, सरांना बरं नाही, सरांना असलं आवडत नाही. पप्पा म्हणाले, "अगं, गुरू आहेत ते. दारावरून तरी पाया पडून येऊ." आणि आले वर, तीन जिने, धापा टाकत. पिशवीत शाल, नारळ आणि पेढे.

वर्ग भरलेला. वीस जण, आणि वीसच्या वीस जणांना माझा निकाल माहीत. पप्पांनी सरळ पुढे जाऊन सरांच्या अंगावर शाल घातली.

"हे कशाबद्दल?" सर म्हणाले.

"पोरगी पास झाली, सर. तुमची कृपा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले नाहीत, पण डोळ्यांनी जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. काला अंबला परक्याला सोडलं नाही, तो मला सोडणार होय? पण सरांनी मान थोडी वाकवली, शाल नीट घालू दिली, नारळ हातात घेतला आणि म्हणाले, "बसा."

पप्पा बसले नाहीत. खिशातून फोन काढून म्हणाले, "एक विनंती होती. तिच्या त्या मशीनवर ते आकड्यांचं पान आहे. आता ते काढा. हे लावा की." आणि फ्लेक्सचा फोटो दाखवला.

"द्या," सर म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप उघडला. उभ्यानंच. फोटो घेतला, काळा-पांढरा केला, मापात बसवला. "कडेची अक्षरं कापली जातायत. जरा बारीक करतो." पप्पा त्यांच्या खांद्यावरून बघत होते. शेवटी चित्र बसलं, तेव्हा माझा बाप म्हणाला, "वा! माप काय बसलंय, सर. तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होता." सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी माझं मलाच कळेना की मी वाचले म्हणून आनंद मानायचा की काय करायचं. वर्गातली पोरं पेढे हातात धरून बसली होती. एकानंही खाल्ला नाही.

पप्पा त्याच दिवशीच्या गाडीनं परत गेले. दुसऱ्या सकाळी मी वर्ग भरायच्या आधी जिने चढले.

"सर, थँक यू."

"कशाबद्दल? मी तुला वाचवलं नाही. बापाला मी सांगितलं असतं तर जन्मभर म्हणाली असतीस, सरांनी सांगितलं. आता तू सांगायचं. सांगितलंस की ये, पान बदलून देतो. तोवर पुस्तक मिटलंस की हेच बघ."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"तुम्ही शाल घेतलीत! वीस जणांसमोर माझ्या बापाला वेड्यात काढलंत!"

"त्यांना वेड्यात कुणी काढलं?"

"मी काढलं! आणि तुम्हीपण! तुम्हाला सगळं माहीत असून तुम्ही त्यांच्या डोळ्यांसमोर ते चित्र मापात बसवत होता, सर. ते कौतुक करत होते तुमचं! खऱ्याच्या एवढ्या गप्पा मारता आणि खोटं बोलायची वेळ आली तर कसं झकास बोललात!"

सर म्हणाले, "हो. मीपण." आणि खुंटीवरची शाल काढून घडी घालून माझ्या हातात दिली. "ही ठेवून घ्यायचा मला अधिकार नाही. परत ने." मी ती शाल तिथेच जमिनीवर टाकली आणि निघून आले. त्या खोलीत मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

पण रीडर तर माझ्याकडेच होता ना! वर्षभराच्या नोट्स त्यात. टाकून देता येईना आणि उघडल्याशिवाय अभ्यास होईना. उघडला की शब्द, मिटला की मी, भावी जिल्हाधिकारी. मी त्याची बॅटरी मुद्दाम संपू दिली. तर या मेल्या यंत्राचं असं आहे की बॅटरी संपली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. चार दिवस मेलेला रीडर आणि त्यावर हात जोडून उभे असलेले माझे पप्पा.

मग एका दुपारी मेट्रोत मी वाचून तो मांडीवर मिटून ठेवला होता. शेजारी एक बाई बसली होती, नोएडाला राहणारी, नवरा आयटीत, बोलणं पुण्याचं. तिनं वाकून अक्षरं वाचली आणि एकदम म्हणाली, "अय्या, तुम्ही का या? अहो, अभिनंदन!" मी नाही म्हणेपर्यंत तिनं तिच्या सहा-सात वर्षांच्या मुलीला पुढे ढकललं. "मनू, ताईच्या पाया पड." पोरीला कळलं नाही. दिल्लीत वाढलेली पोर. "अगं, पैर छू दीदी के. कलेक्टर होणारेय ती." आणि त्या पोरीनं चालत्या गाडीत, दांडा धरून, खाली वाकून माझ्या चपलेला हात लावला.

मी पुढच्या स्टेशनला उतरले. कुठलं ते पाहिलंही नाही. फलाटावरच्या बाकावर बसून घरी फोन लावला. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं.

"पप्पा, मी नापास झाले. तो नंबर माझा नव्हता."

मशीन थांबलं.

"मग कुणाचा होता?"

"माहीत नाही."

मग ते म्हणाले, "सरांना माहीत होतं?"

"हो."

"आणि त्या पोरांना?"

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "फ्लेक्स उतरवायला मी कुणाला सांगणार नाही. तू ये आणि उतरव." आणि फोन ठेवला.

लोक मला सांगतात, बघ, सरांचं बरोबर होतं, त्यांच्यामुळेच तू खरं बोललीस. असेल बरोबर! मी पुढे त्यांच्याशिवाय अजून एकदा बसले, पुन्हा नापास झाले, घरी त्याच दिवशी फोन करून सांगितलं आणि नोकरीला लागले. हेही त्यांच्यामुळेच, म्हणा हवं तर. पण मला धडा शिकवायला त्यांनी माझ्या बापाचा खडू केला. पप्पांना अजून मधूनच आठवतं आणि ते विचारतात, "मी मापाचं कौतुक केलं तेव्हा सर हसले होते. ते मला हसले का गं?" मी नाही म्हणते. खरं काय ते मला माहीत नाही, आणि विचारायला मी त्या जिन्याची पायरी चढणार नाही.

फ्लेक्स मी भर बाजाराच्या दिवशी उतरवला. पप्पांनी दुकानातून शिडी आणली, स्वतः खाली धरली आणि कापड कापायची मोठी कात्री माझ्या हातात दिली. कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे आमचं ठरलं नव्हतं. मी पहिली दोरी कापत होते आणि खिशात फोन वाजला. सरांचा होता. निघताना वर्गातल्या एकीला मी सांगितलं होतं, तिनंच त्यांना कळवलं असणार. मी कट केला आणि नंबर तिथेच, शिडीवर उभ्याउभ्या ब्लॉक केला.

समोरच्या हॉटेलच्या बाकावर म्हातारे अण्णा बसले होते. त्यांनी हात डोळ्यांवर धरून वर पाहिलं. "काय गं पोरी, काहून काढायलीस? सायब झालीस नव्हं?"

चौकातली दहा-बारा तोंडं वर वळली. दोरी हातात तशीच.

"नापास झाले, अण्णा."

अण्णांनी कानाला हात लावला. मी खाली पप्पांकडे पाहिलं. ते शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते, मान खाली.

"मोठ्यानं सांग," पप्पा म्हणाले. "अण्णाला कमी ऐकू येतं."